दोन्ही डोळ्यांना चुना

चुन्याला मराठीत फारशी इभ्रत नाही. कोणी फसवले की आपण म्हणतो, ‘त्याने चुना लावला.’ कन्नडमध्येही चुन्याची गत काही निराळी नाही. आमच्या हुबळी-धारवाडकडे कोणी आपपरभाव केला की हटकून एक म्हण ऐकू येते : ‘ओंदु कण्णिगे बेण्णे, ओंदु कण्णिगे सुण्ण.’ एका डोळ्याला लोणी आणि एका डोळ्याला चुना. माझी आई शुद्ध मराठी बोलायची, पण घरात पंक्तिप्रपंच दिसला की ही म्हण ती कन्नडमध्येच म्हणायची. मराठीत तिला हवी तेवढी आग सापडत नसावी. डोळ्यात चुना गेलेल्याला विचारा, म्हणजे त्या म्हणीतली आग कळेल.

मी एकत्र कुटुंबात वाढलो. लोणी कोणाच्या पानात पडते आणि ताक कोणाच्या, हे मी लहानपणी फार बारकाईने पाहिले आहे. तेव्हाच मनाशी ठरवले होते, की आपण मोठे झालो की आपल्या हातून असे होऊ द्यायचे नाही. जे द्यायचे ते सगळ्यांना सारखे. पुढे मी शाळेत गणित शिकवले, चौतीस वर्षे. गणिताच्या मास्तराला समान चिन्हाचे प्रेम असतेच. ‘मास्तर कडक आहेत, पण सगळ्यांना सारखे कडक आहेत,’ असे पालक म्हणत तेव्हा मला पदक मिळाल्यासारखे वाटे.

त्या निश्चयाचे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख. पण सुरुवात अंगणातल्या गवतापासून करावी लागेल, कारण मला स्वतःला ते समजले त्याच वाटेने.

देशपांडे नगरात, सवाई गंधर्व सभागृहापासून पायी थोड्या अंतरावर आमचे जुने घर आहे. पुढे थोडी जागा, मागे थोडी जागा. निवृत्तीनंतर मी दोन्हीकडे हिरवळ लावली. फाटकापुढचा रस्ता दरवेळी डांबर चढून उंच होत गेला आणि पावसाचे पाणी आमच्या पायरीशी साचू लागले. म्हणून काही वर्षांपूर्वी पुढच्या अंगणात तीन ट्रॉली भराव घातला होता. ती माती तांबडी होती, कलघटगीच्या बाजूची. मागच्या अंगणात मात्र मूळची हुबळीची काळी मातीच राहिली. उन्हाळ्यात जिला बोटभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात जी चपला ओढून घेते, ती आपली काळी.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर दोन्हीकडचे गवत पिवळे पडू लागले. पुढे जागोजाग शेवाळ धरले, मागे नवी पाती फिकट येऊ लागली. त्या दिवाळीला जावई न्यू जर्सीहून आले होते. तिकडे घरापुढे हिरवळ राखणे हे जणू नागरिकाचे कर्तव्यच असते. गवत पाहून ते म्हणाले, “बाबा, याला चुना हवा. आमच्याकडे पानगळीच्या दिवसांत बरेच लोक चुना टाकतात. वसंतात बघा कसं तरारून येतं!”

मला सल्ला पटला, कारण तो सोपा होता. बाजारातून फक्की आणली. खेळाच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती, म्हणजे विरलेला चुना. दोन्ही अंगणे टेपने मोजली. चौरस फुटाला किती ग्रॅम पडतील याचा हिशोब वहीत केला. नाकाला उपरणे गुंडाळले, डोळ्यांवर जुना चष्मा चढवला आणि सकाळच्या पडत्या वाऱ्यात चाळणीने चुना पसरला. अर्धा उभ्या दिशेने, अर्धा आडव्या दिशेने, म्हणजे कुठे कमी-जास्त नको. सौभाग्यवती पायरीवरून म्हणाल्या, “अहो, आधी एकीकडेच टाकून बघा की. दोन्हीकडे कशाला?” मी म्हणालो, “दोन्ही आपलीच अंगणं. एकाला द्यायचं आणि एकाला नाही, असं कसं?”

हे वाक्य मी अभिमानाने बोललो होतो.

जानेवारी संपता संपता निकाल लागला. पुढचे गवत हिरवेगार झाले, शेवाळ सुकून गेले. जावयांना छायाचित्र पाठवले. मागचे गवत मात्र आधी होते त्याहून पिवळे पडले. काही ठिकाणी तर पाती पांढुरकी झाली आणि करपून गेली. छायाचित्र पाठवण्यासारखे तिथे काही उरले नव्हते.

आमच्याकडे आठवड्याला एक माळी येतो, नवलगुंदच्या बाजूचा. त्याने दोन्ही अंगणे पाहिली, मागच्या कोपऱ्यात टोपलीभर उरलेली फक्की पाहिली आणि त्याला सगळा प्रकार कळला. कपाळावर हात मारून तो म्हणाला, “मास्तर्री, नीवु एरडू कण्णिगे सुण्णा हच्चीरल्री!” मास्तर, तुम्ही तर दोन्ही डोळ्यांना चुना लावलात की हो!

मी हसलो. रात्री मात्र झोप आली नाही. ज्या म्हणीपासून मी आयुष्यभर पळालो, तिच्यात माझ्यासाठी आणखी एक खोली होती, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. आपपरभाव टाळायचा म्हणून लोणी नाहीसे करायचे आणि दोन्ही डोळ्यांत चुना घालायचा, हीसुद्धा समताच.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातून निवृत्त झालेले आहेत. १९८६ साली ते विद्यापीठ झाले, तेव्हापासून त्यांनी मातीतच आयुष्य काढले. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चूक विचारण्याआधी त्यांनी माती मागितली. ती कशी आणायची, तेही सांगितले. प्रत्येक अंगणात आठ-दहा ठिकाणी खुरप्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची; भिंतीजवळची घ्यायची नाही, खताच्या ढिगाखालची घ्यायची नाही. सगळी एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकायचे. असे करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचे. मग ती सावलीत वाळवायची. “आणि हो,” ते म्हणाले, “दोन अंगणांची माती एकमेकांत मिसळू नका. मिसळलीत तर जी सरासरी निघेल, ती कुठल्याच अंगणाची नसेल.”

गणिताच्या मास्तराला सरासरीबद्दल कोणी इतके नेमके बोलले नव्हते.

तपासणीचा कागद आला. मातीचा सामू, म्हणजे ती किती आंबट आणि किती खारी हे सांगणारा आकडा, सातला समतोल असतो. सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. पुढच्या भरावात जिथे चुना पडला नव्हता, अशा कोपऱ्यातली माती मी मुद्दाम वेगळी दिली होती. तिचा सामू ५.४ निघाला. मागच्या काळ्या मातीचा, तशाच कोऱ्या कोपऱ्यातला, ८.४. मी म्हणालो, “फरक तीनचाच.” ते म्हणाले, “मास्तर, हे लॉगरिथम आहे. एकाचा फरक म्हणजे दहापट. तीनचा म्हणजे हजारपट.” मधे पन्नास फुटांचे घर. त्याच्या दोन बाजूंना हजारपटीने वेगळ्या असलेल्या दोन मातींना मी ग्रॅममध्ये मोजून सारखा चुना दिला होता.

हे असे का होते, तेही त्यांनी समजावले. जिथे पाऊस जास्त, तिथे पाणी वर्षानुवर्षे मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन खाली नेते आणि माती आंबट होत जाते. म्हणून घाटाकडची, खानापूर-हल्याळकडची तांबडी आणि जांभ्याची जमीन आम्ल. जावयांच्या न्यू जर्सीतही पाऊस-बर्फ भरपूर, म्हणून तिथेही जमीन आंबटतेकडे झुकते आणि चुना टाकण्याचा रिवाज पडतो. आंबट मातीत सामू साडेपाचच्या खाली गेला, की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाचू लागते. चुना ते थांबवतो. हुबळीच्या पूर्वेला, अण्णिगेरी-नवलगुंदकडे, पाऊस कमी होत जातो. तिथल्या काळ्या मातीत चुना धुऊन जात नाही. दोन-तीन फूट खणले की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. “तुमच्या मागच्या अंगणातलं एक ढेकूळ आणा आणि त्यावर लिंबू पिळा,” ते म्हणाले. मी घरी येऊन तसे केले. काळे ढेकूळ बारीक आवाज करत फसफसले. जिच्या पोटात आधीच एवढा चुना होता, तिला मी आणखी चुना भरवला होता.

मग ते पिवळे का पडले होते? हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत होता, कारण पिवळेपणा दोन्हीकडे सारखाच दिसला होता. त्यांनी सांगितले, ते मी अजून विसरलेलो नाही. पुढचे गवत चुना कमी म्हणून पिवळे होते, मागचे चुना जास्त म्हणून. काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण चुन्याच्या संगतीत ते असे घट्ट बसते की मुळांना उचलता येत नाही. ताटात वाढलेले आहे, पण तोंडात जात नाही. लक्षण एक, दुखणी दोन, आणि तीही एकमेकांच्या अगदी उलट.

ज्यांच्या घरी तांबड्या मातीचा भराव आहे आणि ज्यांना खरोखरच चुन्याची गरज आहे, त्यांच्यासाठी त्यांनी सांगितलेले इथे नोंदवून ठेवतो. हिरवळीची हौस आता पुष्कळांना असते. हिरवळीला सर्वांत सौम्य म्हणजे चुनखडीची बारीक दळलेली भुकटी. ती सावकाश काम करते, महिने लागतात, पण भाजत नाही. मातीत मॅग्नेशियमही कमी असेल, तर डोलोमाइटची भुकटी घ्यावी. विरलेला चुना तिखट आणि झटपट. शंभर किलो चुनखडीचे काम चौऱ्याहत्तर किलोतच करतो, म्हणून त्याचा हात आखडता हवा. कळीचा चुना गवतावर कधीच नको. चुनखडीची भुकटीसुद्धा एका वेळी शंभर चौरस फुटांना दोन-सव्वादोन किलोंच्या वर नको. जास्त लागणार असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोन हप्ते करावेत. युरिया किंवा अमोनियाची खते चुन्याबरोबर देऊ नयेत, नाहीतर त्यातला नत्र हवेत उडून जातो. भारी चिकण मातीचा सामू हलवायला हलक्या मातीपेक्षा जास्त चुना लागतो, म्हणून नुसता सामू पाहून भागत नाही, चुन्याची गरज वेगळी तपासून घ्यावी. जिप्सम म्हणजे चुना नव्हे. ते चोपण जमिनीचे औषध, आम्लता घालवण्याचे नव्हे. आणि या सगळ्याच्या आधी एकच पथ्य : तपासल्याशिवाय काहीही टाकायचे नाही.

“आणि मागच्या काळीचं काय करू?” मी विचारले. “गंधक टाकून सामू उतरवू का?” ते हसले. “पोटात एवढी चुनखडी असलेल्या जमिनीचा स्वभाव बदलायला निघालात तर गंधक संपेल, तुम्ही संपाल, चुनखडी संपणार नाही. शेणखत द्या, फार पिवळं दिसलं तर हिराकशीचं पातळ पाणी फवारा. आणि तिला मानवेल तेच लावा. ज्वारी, कापूस, हरभरा पिकवणारी जमीन आहे ती. तिला नावं कशाला ठेवता?”

इथपर्यंत ही गवताची गोष्ट होती. पण ‘लक्षण एक, दुखणी दोन’ हे वाक्य ऐकले, तेव्हा माझ्या मनात गवत नव्हते. माझी दोन मुले होती.

आम्ही सीमाभागातले मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मराठी घरात टिकली पाहिजे, ही काळजी मला वारशात मिळाली. १९८८ साली, थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटा आठ वर्षांचा असताना, मी घरात एक नियम केला : उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायची. एक कन्नड शब्द, दहा पैसे दंड. खाऊच्या पैशांतून. नियम दोघांना सारखा, मलाही लागू. कपाटावर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि जाहीर केले, की साठलेल्या पैशांतून दिवाळी अंक आणायचे.

वाचकांपैकी पुष्कळांना हा नियम ओळखीचा वाटेल. कोणी तो दंडाने चालवला असेल, कोणी नुसत्या डोळ्यांनी.

थोरल्याला तो खेळ वाटला. तो पुस्तकातला मुलगा होता. शब्दाला शब्द शोधायचा, मलाच पकडायचा. त्याचे मराठी त्या नियमाने घडले, यात शंका नाही. तो आजही उत्तम मराठी लिहितो. धाकट्याचे जग गल्लीत होते. त्याचे सवंगडी, त्याचे क्रिकेट, त्याची भांडणे, त्याचे हसणे, सगळे कन्नडमध्ये. तो धावत घरात यायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा, आणि पहिलाच शब्द ‘हौदु’ किंवा ‘बेड’ निघायचा. डबा वाजायचा. तो पुन्हा सुरुवात करायचा, पुन्हा अडखळायचा. पहिल्या वर्षी डब्यातून दिवाळी अंक आला. दुसऱ्या वर्षी पैसे कमी साठले. तिसऱ्या वर्षी डबा जवळजवळ रिकामा होता, आणि मी शेजाऱ्यांना सांगितले, की आमचा धाकटा आता छान मराठी बोलायला लागला.

तो बोलायचा थांबला होता.

मी हिशोब ठेवणारा माणूस, आणि हिशोब बरोबर होता. दंड शून्यावर आला होता. दोन्ही मुले घरात शांत असत. थोरला वाचनात गुंतलेला म्हणून शांत, धाकटा चुकू नये म्हणून शांत. लक्षण एक. मी दोन्हीकडे पाहून समाधानाने मान हलवत असे. माझे प्रेम त्याच्यावर कमी होते असे नाही, उलट थोडे अधिकच होते. पण ते त्या काळ्या मातीतल्या लोहासारखे होते. होते भरपूर, त्याला उचलता येत नव्हते.

आता खरा प्रश्न. सर्वांना सारखे देणे, हा न्याय आहे का?

‘नाही’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि जुनेही आहे. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने नीतीवरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात याचा विचार केला. समानांना असमान देणे आणि असमानांना समान देणे, ही दोन्ही भांडणाची मुळे आहेत, असे त्याचे म्हणणे. तिथेच त्याने लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी शिशाची असे. दगड जसा असेल तशी वाकून त्याचे माप घेई. मी आयुष्यभर लाकडी पट्टी वापरली, मुलांना मारायलाही आणि मापायलाही. आपल्याकडे गीतेच्या पाचव्या अध्यायात पंडिताला समदर्शी म्हटले आहे : विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सर्वांत तो एकच पाहतो. पण एकच पाहणारा तो पंडित हत्तीपुढे आणि कुत्र्यापुढे सारखाच चारा टाकील का? दृष्टी सम असावी, माप सम असावे असे नाही. आपल्या राज्यघटनेनेही हे ओळखले. कायद्यापुढे सगळे समान म्हटल्यावर १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने मागासांसाठी खास तरतुदीची वाट मोकळी केली, आणि १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम घातले. ज्याच्या जोरावर आपण आपल्या मराठी शाळा मागतो, ते कलम ‘सगळ्यांना एकच माप नको’ याच तत्त्वावर उभे आहे. घराबाहेर जे मी हक्काने मागत होतो, ते घरात धाकट्याला देत नव्हतो.

पण थांबा. गणिताचा मास्तर एवढ्या सहजी हार मानत नाही.

‘ज्याला जे हवे ते त्याला द्यावे’ हे ऐकायला गोड आहे, आणि जगातला सगळा पक्षपात याच गोड वाक्याच्या पदराआड होतो. माझ्या लहानपणी लोणी ज्याच्या पानात पडे, त्याची प्रकृती नाजूक आहे असेच सांगितले जाई. मुलीला कमी शिकवणारे घर म्हणते, तिला एवढ्याची गरज नाही. वशिल्याने नोकरी देणारा म्हणतो, हा जास्त लायक आहे. सारखे माप हे दुबळ्याचे कवच असते. रेशन दुकानातला तराजू तोंड पाहून वाकू लागला, तर कोणाचे तोंड गोड होईल हे सांगायला नको. म्हणून लाकडी पट्टी फेकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. माझ्या आईची म्हण खोटी नाही.

मग गरजेनुसार केलेला फरक आणि मर्जीनुसार केलेला फरक, हे दोन ओळखायचे कसे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पिवळ्या गवतासारखे. बरेच दिवस विचार करून मला तीन खुणा सापडल्या आहेत, आणि तिन्ही त्या माती-तपासणीतूनच आलेल्या.

पहिली : देण्याआधी तपासले का? ज्याला द्यायचे त्याच्यापाशी वाकून, आठ-दहा ठिकाणी, वरून खालपर्यंत पाहिले का? की दुसऱ्या मातीचा अनुभव या मातीला लावला? न्यू जर्सीचा सल्ला न्यू जर्सीत खराच होता.

दुसरी : ज्याला कमी दिले, त्याला त्याचे कारण समोर बसवून सांगता येईल का? आणि ते त्याला पटण्याजोगे असेल का? मर्जीला कारण सांगता येत नाही. ती कुजबुजते, नाहीतर रागावते.

तिसरी : उत्तर विरुद्ध आले तर हात मागे घ्यायची तयारी होती का? मी मुलांना तपासले नव्हते असे नाही. डब्यातले पैसे रोज मोजत होतो. पण मला हवे ते उत्तर आले, म्हणून मी दुसरा अर्थ शोधलाच नाही.

या खुणा लावून मी माझ्या नियमाकडे पाहतो, तेव्हा मराठी टिकवण्याची माझी इच्छा चुकीची वाटत नाही. आजही वाटत नाही. दुभाषी मुलखात जी भाषा घरात बोलली जात नाही, ती बाहेर कोणी बोलून देत नाही. पण टिकवायचे म्हणजे दुसरीला उंबऱ्यावर दंड करायचा, हे कुठून आले? आमच्याच जोडशहरात द. रा. बेंद्रे होऊन गेले. घरची भाषा मराठी, आणि कन्नडने त्यांना आपला थोर कवी मानले. १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले, भोवती कन्नड ऐकत राहिले आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. एकाच गावच्या दोन माती, दोन पिके. बेंद्र्यांच्या लहानपणी कोणी कपाटावर दहा पैशांचा डबा ठेवला असता तर, असा विचार हल्ली मनात येतो.

धाकटा बेंगळुरूला असतो. दर दिवाळीला येतो, आईशी बोलतो, माझी औषधे विचारतो. वाईट वागणे त्याच्या स्वभावात नाही. पण मोठी गोष्ट त्याने मला आधी सांगितली, असे कधी झाले नाही. नोकरी लागली तेव्हाही नाही, लग्न ठरले तेव्हाही नाही.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, आम्ही दोघेच मागच्या पायरीवर बसलो होतो. मागची विकतची हिरवळ मी काढून टाकली आहे. आता तिथे आपली साधी हरळी आहे, आणि एका कडेला ज्वारीची चार ताटे नुसती हौस म्हणून. हरळीच्या दूर्वा गणपतीला पुरतात. त्याने विचारले, “इथलं लॉन कुठं गेलं?” मी त्याला सगळी हकीकत सांगितली. सामू, लिंबाचा रस, माळ्याचे बोलणे, सगळे. तो ऐकत होता. मग मी आत जाऊन तो पत्र्याचा डबा आणला. तळाशी दहा पैशांची सात नाणी होती. २०११ साली ती चलनातून गेली. परत देईन म्हटले तरी आता त्यांना किंमत नाही.

मी म्हणालो, “तू गप्प झालास, ते मला कळायला हवं होतं. मी विचारलं नाही.”

तो बराच वेळ डबा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “बिड्री अप्पा, होगली.” सोडा हो अप्पा, जाऊ दे.

उंबऱ्याच्या आत, माझ्याशी, छत्तीस वर्षांत तो पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलला होता. आणि ‘अप्पा’ म्हणाला होता. घरात तो मला ‘बाबा’ म्हणतो.

माझे तोंड सवयीने उघडले होते. मी ते मिटले. त्याने ते पाहिले आणि हसला, लहानपणी धावत आत येताना हसायचा तसा. त्यानंतर तासभर तो बोलत होता, अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. त्याच्या कामाचे, मुलीच्या शाळेचे, मला ठाऊक नसलेल्या पुष्कळ गोष्टींचे. एका तासाने सगळे भरून निघाले, असे मी म्हणणार नाही. करपलेले गवत पुन्हा हिरवे होत नाही. त्याच जागी नवे यावे लागते, आणि त्याला त्याचा वेळ लागतो.

डबा पुन्हा कपाटावर ठेवलेला नाही. मागच्या अंगणात खुरप्याशेजारी ठेवला आहे. माती तपासायला न्यायची वेळ आली, की त्यातूनच नेतो.